बारीक आहेत, विरळ नाहीत

माझे केस बारीक आहेत, विरळ नाहीत. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. (घालतो. जिंकत नाही.)

सोमवारी ऑफिसात ओळखपत्रांसाठी फोटो काढणार होते. ते कार्ड पुढची दहा वर्षं गळ्यात राहणार. बायको म्हणाली, केस विरळ झालेत, डावीकडचे ओढून उजवीकडे नेणं आता पुरे, सरळ अगदी बारीक कापून घ्या. मी नुकताच एक लेख वाचला होता, तो तिला ऐकवला. एकेक केस किती जाड ही एक गोष्ट, आणि एकूण केस किती दाट ही वेगळीच गोष्ट. माझा केस चिमटीत धरला तर बोटांना लागतही नाही, म्हणून डोकं रिकामं वाटतं. (बाहेरून.) संख्येला मात्र तोटा नाही. तिनं शांतपणे ऐकलं आणि पुन्हा तेच सांगितलं.

मग मीही इरेला पेटलो. मी जमीनमोजणी खात्यात कारकून आहे. पुठ्ठ्याला एक चौरस सेंटिमीटरची खिडकी पाडली आणि तो पुठ्ठा ऐन टाळूवर चिकटवला. मागे मानेजवळ लावला असता तर निकाल सोपा होता, पण असली लबाडी मी करत नाही. पैज ठरली. शंभराच्या वर भरले तर तिनं ‘विरळ’ हा शब्द पुन्हा काढायचा नाही. कमी भरले तर मी निमूटपणे कापून घ्यायचे.

मोजायला तीच बसली. ती ग्रंथालयात काम करते, मोजदादीत तिचा हात धरणारं कोणी नाही. तिनं चष्मा लावला आणि माझी मिशीची कात्री घेतली. केस वेगळे करायला घेतली असेल, असं मला वाटलं. पाऊण तास मी मान खाली घालून बसलो. (सवय आहे.)

“एकशे अडुसष्ट,” ती म्हणाली. आवाज जरा पडलेला होता.

मी विजयी मुद्रेनं आरशापुढे गेलो, पुठ्ठा काढला आणि मान वाकवली. टाळूवर एक चौकोन भादरलेला होता. चारही कोपरे काटकोनात.

“हे काय केलंस?”

“मोजलेला पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून काढत गेले. आम्ही पुस्तकंही तशीच मोजतो, मोजलेलं पुस्तक रॅकवरून खाली.”

“अगं, पुस्तकं परत ठेवता येतात.”

“ते आलं माझ्या लक्षात. पण तोवर एकशे चाळीस झाले होते. मध्येच सोडलं असतं तर तुम्ही निकाल मानला नसता.”

हे मात्र खरं होतं.

रविवारी न्हाव्यानं चौकोन दोनदा निरखला आणि आता बाकीचं डोकं त्याला जुळवून घ्यावं लागेल, असं सांगितलं. वस्तरा फिरला. बायकोनं शब्द पाळला, ‘विरळ’ म्हणून ती एकदाही म्हणाली नाही. मी सोमवारी टोपी न घालता, छाती काढून ऑफिसात गेलो. पैज मी जिंकली होती, लपवायचं काय?

फोटोग्राफरनं हनुवटी वर घ्यायला सांगितली. डोकं चमकत होतं म्हणे. मी त्याला ठणकावून सांगितलं, “एका चौरस सेंटिमीटरला एकशे अडुसष्ट आहेत. मोजून घेतलेत.”

कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता त्यानं विचारलं, “काय?”