डाव्या हाताची लक्ष्मी

मुनीरसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरचा देव उतरवत. परवानगी मागण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. तसबीर पालथी करायची, मागचा कागद नखानं खरवडायचा, मग कोटाच्या खिशातलं भिंग काढून काचेला नाक लावायचं. शहागंजात एका घरी समाचाराला गेले असताना त्यांनी हेच केलं. मृताचे मेहुणे रडता रडता थांबले.

"साहेब, मागं काय आहे?"

"तेल उतरलंय का बघतो. तुमचं चालू द्या."

मुनीरसाहेब औरंगाबादच्या कोर्टात पेशकार होते. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं आणि कोर्टाची भाषा उर्दूची मराठी झाली, तेव्हा त्यांनी मराठी लिहायला शिकून नोकरी टिकवली आणि यथाकाल निवृत्त झाले. गल्लीत त्यांना कोणी पेशकार म्हणत नसे. 'ठिपकेवाले' म्हणत.

त्याचं कारण असं. शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून, छापलेलं चित्र भिंगाखाली धरलं तर दगडाचा रवा दिसतो, खडूची ओढ दिसते. कॅमेऱ्यानं उतरवून यंत्रावर छापलेल्या चित्रात ठिपके दिसतात, कवायतीला उभे केल्यासारखे, रांगेत. दगडाच्या छपाईची शाई तेलाची असल्यामुळे जुन्या कागदाच्या पाठीवर पिवळट डाग उतरतो. एवढ्या दोन कसोट्यांवर मुनीरसाहेब जगाची विभागणी करत. बनावट चित्राला ठिपके म्हणत, भेसळीच्या दुधाला ठिपके म्हणत, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या उमेदवारांनाही ठिपकेच म्हणत. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली असताना ते उठून आरशावरची सरस्वती तपासायला गेले होते.

"मियाँ," न्हावी वस्तरा हातात धरून म्हणाला, "दाढी करायची का देवीची झडती घ्यायची?"

"दाढी उद्यापण वाढते. ही उद्या असंल का?"

घरात त्यांच्या ट्रंका भरल्या होत्या. देव, नवाब, वाघाची शिकार, साबणाच्या जाहिराती, सगळं शिळाप्रेसचं. कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं. त्यांच्या पत्नी हाजराभाभी म्हणत, "लोकाचे मर्द दावतीला बिर्यानी खाने जाते, हमारे दिवार चाटने जाते." मुंबईचा एक संग्राहक एकदा आला, दिवसभर ट्रंका पाहत बसला आणि त्यानं सगळं विकत मागितलं. मुनीरसाहेबांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की हा संग्रह नाही. शोधता शोधता हाती लागलेला माल आहे. हवं ते अजून मिळालेलं नाही.

त्यांना काय हवं होतं, ते गल्लीतल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. त्यांचा धाकटा भाऊ नसीर शहरातल्या एका शिळाप्रेसवर लिहिणारा होता. लग्नाच्या पत्रिका, दुकानांचे कागद, फॉर्म. हे काम मसाला लावलेल्या कागदावर सरळ लिहायचं असतं. मग तो कागद दगडावर दाबतात, अक्षरं दगडावर उलटी उतरतात आणि छापताना पुन्हा सरळ होतात. नसीरचा हात असा सरळ लिहिण्यावर बसलेला. एका दिवाळीला एका कापडवाल्यानं गिऱ्हाइकांना वाटायला लक्ष्मी मागितली. नसीरनं प्रथमच थेट दगडावर चित्र काढलं आणि ते उलटं काढायचं विसरला. छापून आली ती लक्ष्मी डाव्या हातानं आशीर्वाद देत होती. कापडवाल्यानं माल नाकारला. प्रेसच्या मालकानं गठ्ठे आठवडी बाजारात मातीमोल विकून टाकले. शिवाय दगड घासून त्यावर दुसरी पत्रिका चढवली. दगड घासला की चित्र संपतं. उरतं तेवढं कागदावर.

पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत नसीर घरातून बाहेर पडला आणि परतला नाही. कुणी पैठणच्या रस्त्याला पाहिल्याचं सांगितलं, कुणी स्टेशनवर. मयत मिळाली नाही, म्हणून जनाजा निघाला नाही. त्याचा फोटो कधी काढलेला नव्हता. त्याच्या हातचं म्हणता येईल असं एकच चित्र होतं आणि ते खेड्यापाड्यांतल्या देव्हाऱ्यांत पांगलेलं होतं. मुनीरसाहेब तेव्हापासून भिंती पाहत होते.

मी त्याच गल्लीत राहायचो, एका वर्तमानपत्रात नोकरीला होतो. पिशोरला आमचे वार्ताहर होते, रामराव. बाजाराच्या बातमीसाठी त्यांच्या घरी गेलो असताना देव्हाऱ्यात लक्ष्मी दिसली. डावा हात वर होता. परत आल्यावर मी मुनीरसाहेबांना सांगितलं. त्यांनी त्या दिवशी भिंग तीन वेळा पुसलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीला ते माझ्याआधी येऊन उभे होते.

बसमध्ये त्यांनी एकच गोष्ट बजावली. "नसीरचं नाव काढायचं नाय. एक लफ्ज नक्को."

"का?"

"त्यांची देवी आहे. कुणाच्या हातची आहे हे कळलं आणि मनात काही आलं तर? पूजा करतात तिची."

रामरावांच्या आई, अक्का, यांनी तसबीर स्वतः उतरवून दिली. मुनीरसाहेबांनी काचेला नाक लावलं. रवा दिसला. पाठीवर तेल दिसलं. मग त्यांनी चौकटीचा सागवान चोळायला सुरुवात केली.

"लई जुनं काम आहे, अक्का," ते म्हणाले. "ही मला द्याल का?"

रामराव हसले. "आई, शहरातले लोक आजकाल दारं-चौकटीसुद्धा घेऊन चाललेत."

"तिला हसतात लोक," अक्का म्हणाल्या. "डावखुरी म्हणतात. पर सासूबाईंनी बाजारातून आणलेली. दिवाळीची पूजा होऊ द्या भाऊ, मग या. तुम्हाला नाय म्हणायचं नाय."

दिवाळीपर्यंत मुनीरसाहेबांनी एकाही घरातला देव उतरवला नाही. हाजराभाभींनी ट्रंकेवरची जागा मोकळी केली, नवं मलमल आणून ठेवलं.

पाडव्यानंतर आम्ही गेलो. देव्हाऱ्यात नवी लक्ष्मी होती, चकचकीत, उजव्या हाताची. अक्कांनी आतून जुनी चौकट आणली. सागवानाला तेल पाजलं होतं, काच राखेनं घासून लख्ख केली होती. मध्ये काही नव्हतं. पलीकडची भिंत दिसत होती.

"घ्या भाऊ. चौकट जपून ठिवली तुमच्यासाठी."

मुनीरसाहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली. "आतली?"

"आता पुजलेली देवी अशी कुणाच्या हातात द्यायची व्हय? तिला नदीला बोळवली." अक्कांना त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं असावं. "चुकलं का काय, भाऊ?"

मी रामरावांकडे पाहिलं. मुनीरसाहेबांनी माझा दंड घट्ट धरला.

"नाय अक्का. चौकटच पाहिजे होती. लई मेहेरबानी."

चहा आला. त्यांनी तो पूर्ण प्यायला. मग कपबशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "बोळवली म्हणजे, कशी?"

"कशी म्हंजे? रीतीनं. हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, केळीच्या पानावर ठिवली."

"कोण कोण होतं?"

"घरचे सगळे. शेजारच्या बाया बी आल्या व्हत्या. खांदेपालट करत नेली म्हणा की. नातवाला वाटलं मलाच धरू द्या, माझ्या ह्या लेकाला वाटलं मला."

"पाणी होतं?"

"लई पाणी. लगेच नाय बुडाली ती. वळणापर्यंत गेली, मग दिसली नाय."

"रडलं का कुणी?"

"मी रडले की," अक्का म्हणाल्या. "लग्न होऊन आले तवापासून तिच्यापुढं दिवा लावला. माणूस गेल्यावानी झालं."

मुनीरसाहेबांनी ती जागा पाहायची इच्छा दाखवली. रामरावांना यात काही अर्थ दिसला नाही. ते घरीच थांबले. अक्का पुढे चालल्या, आम्ही मागे. काठावर पोचल्यावर मुनीरसाहेबांनी चौकट माझ्याकडे दिली, वहाणा काढल्या आणि रुमाल डोक्याला बांधला. वळणाकडे तोंड करून त्यांनी दुआसाठी दोन्ही तळवे वर उचलले. त्यांचे ओठ हलत होते.

अक्कांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग डोक्यावर पदर घेतला आणि शेजारी उभं राहून हात जोडले. कुणासाठी, ते विचारलं नाही.