फ्लेक्सवरचं हसू

फ्लेक्सवर हसायचं ठरवलं, इथंच माझं चुकलं. लातुरात क्लासवाल्यांचे हसरे फोटो चौकाचौकात टांगलेले. मग आमच्या मेसनंच कुणाचं घोडं मारलंय? अडचण एकच. भूकंपाच्या पहाटे बाहेर पळताना मी चौकटीवर आपटलो आणि पुढचे दोन दात अर्धे झाले. (चौकटीला काही झालं नाही.)

शेजारच्या खाजामियाँचा यासेर दातांचा डॉक्टर. म्हणाला, "शरणप्पाकाका, दात फार घासून बारीक करायचे बी न्हाईत. वरून नखाएवढं पातळ सिरॅमिक चिकटवतो. कुणाला कळणार सुदिक न्हाई."

"कळणारच न्हाई, तर करायचं कशाला?"

"अस्सल दिसतील, अस्सल! फक्त कडक काही पुढच्या दातांनी तोडू नका."

मी मान हलवली. आरशात असा रमलो होतो की धंदाच विसरलो. आमच्या मेसची जाहिरात म्हणजे मी! लेकरं शिकायला ठेवणाऱ्या आईबापांसमोर मी दानम्माच्या (माझी बायको, मेसची खरी मालकीण) हातची कडक भाकरी कडाकड तोडून खातो. मालक खातो म्हटल्यावर आईबाप निर्धास्त.

दात बसले त्याच्या दुसऱ्याच दिवशी जळकोटचे शेषेराव बायको-लेकीसह हजर. त्यांच्या शब्दावर गावातली आणखी लेकरं येणार होती. भाकरी आली. मी ती चुरली. आमटीत बुडवली. फुंकर घातली. (आमटी थंडच होती.)

"मालक, खाताय का तपासताय?" शेषेरावांनी विचारलं.

"आज उपास…"

"अहो, सकाळी इडल्या हाणल्या की!" आतून दानम्मा.

शेषेराव उठलेच. "मालकच खाईना, तिथं लेकराला काय ठिवायचं? चला गं!"

दानम्मा दारात आली. तिनं असं पाहिलं की मला दातांपेक्षा मानेची काळजी वाटली. डोळे मिटले, यासेरचं नाव घेतलं आणि भाकरीला चावा घेतला. कडाड! हळूच जीभ फिरवली. दोन्ही जागेवर! मी कानापर्यंत हसलो.

शेषेरावांच्या बायकोनं निरखून पाहिलं. "अवो, कवळी हाय! या वयात इतके सरळ दात कुणाचे असत्यात?"

"असं व्हय!" शेषेराव परत बसले. "कवळीनं बी तुटती, म्हंजी भाकर लई खुसखुशीत हाय. समदी लेकरं हितंच!"

"अहो, ही कवळी न्हाई…" मी तोंड उघडलं. दानम्मानं त्यात भाकरीचा तुकडा कोंबला.

फ्लेक्स लागला. माझा हसरा फोटो आणि खाली दानम्मानं लिहवून घेतलंय: 'मालक तोंडात कवळी असूनही रोज हीच भाकरी खातात!'

यासेर बघून गेला. म्हणाला, "काका, दात कुणी बसवले ते तेवढं कुणाला सांगू नका."