ठशाचा फोटो, तीन प्रतींत

वस्तू जुनी आहे की नाही हे वस्तूला कळत नाही. त्यासाठी कचेरी लागते. १९५३ साली कलकत्त्यात आमचा 'जुनी शस्त्रे : ठसा-छायाचित्र कक्ष' निघाला, तो याच थोर विचारातून. नियम सोपा होता. बंदूक शंभर वर्षांपूर्वीची असेल तर शोभेची वस्तू म्हणून घरी राहील, नसेल तर सरकारजमा होईल. वय ठरवायचे बंदुकीवरच्या कारखान्याच्या ठशावरून, आणि ठसा पाहायचा फोटोत (प्रत्यक्ष बंदुकीकडे पाहणे हे दुसऱ्या खात्याचे काम). पहिल्या वर्षी ४१२ अर्ज आले, पैकी एक मंजूर झाला (तो साहेबांचा होता). बदलीवर आलेला मी तिथला हेडक्लार्क.

डमडमच्या कालिंदीकाकूंनी पणजोबांची ठासणीची बंदूक आणली. दर दसऱ्याला तिची पूजा व्हायची. ती घरी राहावी, एवढेच त्यांचे मागणे होते. पितळी पट्टीवरचा ठसा झिजून पुसट झाला होता, पण इतक्या वर्षांचे कुंकू त्यात मुरल्यामुळे १८३१ हा सन लांबूनही वाचता यायचा. एरवी ठशांत खडू चोळून हैराण होणारे आमचे फोटोग्राफर हरिपदबाबू हरखूनच गेले.

"दीदी, ऐसा साफ ठप्पा हम आज पहली बार देखा," ते म्हणाले. फोटो देखणा आला.

परंतु कलम नऊ म्हणते, ठशात परका पदार्थ नसावा. मी काकूंना तसे सांगितले.

"अहो दिनकरराव, कुंकू परकं कधीपासून झालं?"

मी फाइल पाहिली. तारीख दिलेली नव्हती.

काकू बिचाऱ्या हाडाच्या कामसू. त्यांनी आठवडाभर चिंच आणि विटेची पूड लावून पट्टी अशी लखलखीत घासली, की कुंकवाबरोबर ठसाही गेला. हरिपदबाबूंनी पुन्हा तीन फोटो काढले. तिन्हींत ठशाच्या जागी, कॅमेऱ्यामागे वाकलेले, स्वच्छ हरिपदबाबू दिसले. कक्षाने फोटो ग्राह्य धरला. हरिपदबाबूंचा जन्म १९०९ चा; सबब बंदूक चव्वेचाळीस वर्षांची, सबब सरकारजमा.

काकू बाकावर बसूनच राहिल्या. मला फार वाईट वाटले (त्यासाठी रकाना नाही).

अन्याय मात्र झाला नाही. पहिल्या फोटोत सन १८३१ स्पष्ट असल्याने तो फोटो पुरातन ठरला आणि घरी ठेवण्यास परवानगी मिळाली. दसऱ्याला काकूंनी त्याचीच पूजा केली.

आपण हसत असाल, तर जरा आपल्या ओळखपत्रावरचा फोटो हातात घेऊन आरशापुढे उभे राहा. दोघांत फरक आढळल्यास फोटो सुखरूप घरी पोचवण्याची जबाबदारी कक्षाची आहे. आपण सरकारजमा व्हायला येताना अंथरूण-पांघरूण घेऊन यावे.