सगुणाबाईसाहेबांच्या कुरळ्या केसांची बखर

श्री कुंतलेश्वरी कृपावंत असो. वाचणाराचे मस्तकी केस असोत, ते नसल्यास धीर असो. शके सोळाशे साठ, कालयुक्ताक्षी नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध प्रतिपदेपासोन वैशाख शुद्ध पक्षापर्यंत एका राज्यात जे वर्तमान जाहले ते डोळ्यांनी पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहू नये ऐसी ताकीद आहे, सबब लिहिले नाही. लिहिणाराचे डोईस तीस वर्षे एक केस नाही, तेव्हा या प्रकरणी आमचा पक्षपात कोणी काढू नये.

त्या राज्याचे मूळपुरुष खिंडीत लढत असता वरील झाडाचे सोनचाफ्याचे फूल त्यांचे कुरळ्या केसांत पडले, आणि अस्तमानापर्यंत तरवार चालली तरी फूल हलले नाही, आणि लोक म्हणो लागले की देवीने डोईवर हात ठेविला. मग ऐसी चाल पडली की जो गादीवर बसेल त्याचे केसांत सोनचाफा ठेवावा, आकडा लावू नये, दोरा बांधू नये, आणि उघड्या डोईने घोड्यावरोन किल्ल्याचे सातही दरवाजे फिरावे. फूल राहिले तर गादी, पडले तर गादी जवळचे भाऊबंदास. शाबूत फूल भरसभेत गादीवर ठेवावे, मगच बसावे. त्या घराण्यात केस सर्वांचे कुरळे, म्हणोन सात पिढ्या कोणास काही अडचण पडली नाही.

पुढे थोरले महाराजांस अर्ज ऐकोन ऐकोन कंटाळा आला आणि काशीस जाऊन राहावे ऐसे मनात आणिले. त्यांचे पोटी एकच कन्या, सगुणाबाईसाहेब, वय वर्षे बावीस. तीन वर्षे कालव्याचा कारभार त्याच पाहत होत्या आणि खालचे बारा गावांस यंदा पाणी पोहोचवीन म्हणोन त्यांनी शब्द दिला होता. महाराजांचे धाकटे बंधू भुजंगराव यांचे म्हणणे, पाणी आधी आपले आमराईस यावे, मग उरेल ते गावांनी प्यावे. आणि गादीचे जवळचे भाऊबंद तेच. भुजंगरावांचे कुरळे केस म्हणावे तर बहुत उत्तम, ऐसे की त्यात फूलच काय, पोपट ठेविला तरी पडता ना.

बाईसाहेबांचे केसांची मात्र दशा जाहली होती. त्यास कारण ऐसे की गतवर्षी शेजारचे राज्यातील एक राजकन्या पाहुणी आली, तिचे केस सरळ, पाठीवर पाण्यासारखे पडत, आणि वाड्यातील बायका तिची तारीफ करिता थकत ना. बाईसाहेब शहाण्या खऱ्या, परंतु बाविसाव्या वर्षी शहाणपण केसांपर्यंत पोहोचत नाही. मग एका सौदागराकडोन लोखंडी चिमटा घेतला, तो निखाऱ्यावर तापवोन रोज एकेक बट त्यात धरविली, आणि त्याचेच शिशीतील फेसाळ औषधाने रोज केस धुविले, आणि सहा महिने केस सरळ राहिले, आणि सातवे महिन्यात काथ्या जाहला. धड सरळ ना धड कुरळे, शेंडे दुभंगलेले, हात लाविला तर चरचर वाजावे. गुढीपाडव्यास फुलाची तालीम केली, तो घोडा चार पावले चालला नाही इतक्यात फूल खाली. मुहूर्त चाळिसावे दिवशी, शुक्रवारी. भुजंगरावांनी त्याच दिवशी गादीचे उशीस नवीन अभ्रा शिवावयास टाकिला, म्हणाले, सहज.

मग मुत्सद्दी बसले आणि केसांवर मसलत चालली. त्या राज्यात ऐसी समजूत की फेस जितका अधिक तितके न्हाणे खरे, म्हणोन हुकूम जाहला की रिठ्याची पोती फोडावी आणि दुप्पट फेस काढावा. तैसा काढिला, आणि फेस न्हाणीघराबाहेर येऊन चौकातील बदकांस पोहावयास जाहला, आणि केस अधिकच कोरडे पडले. त्यावर फणीबरदार निंबाजी. यांचे घराण्याकडे सात पिढ्यांचे वतन, की रोज सकाळी सभेसमोर गादीचे वारसाचे कोरडे केस बारीक दाताचे हस्तिदंती फणीने शंभर हात विंचरावे आणि प्रत्येक हातास नगाऱ्यावर एक टिपरू पडावे. मनुष्य भला, हात हलका, परंतु कुरळ्या कोरड्या केसांत बारीक फणी घातली की केस फुगतात. दहावे हातास डोके दुप्पट होई, पन्नासावे हातास मागील दिवाण दिसेनासे होत, आणि शंभराव्यास बाईसाहेब कोठे बसल्या आहेत हे आवाजावरोन ओळखावे लागे.

ऐसे पाच दिवस गेले. सहावे दिवशी धुरपाबाई नावाची धनगरीण राज्याभिषेकाची पांढरी घोंगडी घेऊन आली, ती विंचरणे चालले असता दारातच उभी राहिली, आणि घोंगडी खाली ठेवोन थेट पुढे जाऊन तिने एक बट चिमटीत धरिली. चोपदार धावले, बाईसाहेबांनी हाताने थांबविले.

धुरपाबाई म्हणाली, “बाईसाहेब, ही तर लोकर हाय. लोकर कढत पान्यात चोळली, फेसात घोळली, की तिचं बुरणूस हुतंय. तुमच्या डोईचं बुरणूस केलंय ह्यांनी.”

बुरणूस म्हणजे न विणता, लोकर चोळोन दाबोन केलेले जाड कांबळे, हे सभेस ठाऊक होते, म्हणोन सभा खाली पाहू लागली. बाईसाहेबांनी विचारिले की चाळीस दिवसांतील पस्तीस उरले, काही होईल काय.

“जळाल्यालं जित्तं हुत न्हाई, त्ये कापायचं. मुळाकडलं जित्तं हाय. त्याला पानी पाजायचं आन त्याच्या वाटंला जायाचं न्हाई.”

कापावयाचे नाव काढिताच सभेत हाहाकार जाहला, की वारसाचे केस कापणे अशुभ. ते केस बाईसाहेबांनी सहा महिने किती हौसेने सरळ केले होते हे वाड्यात सर्वांस ठाऊक. मग डोळे पुसोन म्हणाल्या की आणा कातर, आणि मेंढरांचे कातरीने धुरपाबाईने वीतभर शेंडे उतरविले. चिमटा लोहाराकडे मोडीत गेला. शिशी नाल्यात ओतली. न्हाण दर सोमवारी एकदाच, कोमट पाण्याने, थोडक्या शिकेकाईने, फेसावाचोन. मागोन जवस उकळोन त्याचा बुळबुळीत रस गाळावा, त्यात कोरफडीचा गर फेटावा, तो ओल्या केसांस भरपूर लावोन बोटांनी गुंता सोडवावा. जाड पंच्याने खसखसा पुसणे बंद, जुने मऊ धोतराने मूठ मूठ दाबोन पाणी टिपावे आणि केस आपले आपण वाळू द्यावे. निजताना उशीस रेशीम. आणि कोरड्या केसांस फणी बिलकुल लावू नये.

या शेवटचे कलमावर निंबाजी मट्कन खाली बसले. वतन मोडिता येईना आणि केस विंचरिता येईना. मग तोड ऐसी निघाली की निंबाजींनी नित्याप्रमाणे यावे, फणी केसांपासोन वीतभर दूर धरावी आणि हवेत शंभर हात फिरवावे. नगारा वाजेल, मान राहील. तैसे चालले. परदेशी वकील आले ते हे पाहोन चकित जाहले आणि आपले राज्यात काय लिहोन पाठविते जाहले ते देव जाणे. आम्हास मात्र निंबाजींचे वाईट वाटे. एके दिवशी ते आम्हास म्हणाले की कारकून, सात पिढ्यांत हवा विंचरणारा मीच पहिला. भुजंगरावांनी हे हेरिले आणि निरोप धाडिला की आमचे कारकिर्दीत कोरडे केस, खरी फणी आणि दोनशे हात. निरोप ऐकोन निंबाजी फणी पुसत राहिले.

येणेप्रमाणे पाच सोमवार गेले. तिसरे सोमवारपासोन कानाजवळ एक वळण आले, मग दुसरे, आणि मुहूर्ताचे दिवशी बाईसाहेबांचे डोईवर दाट मऊ कुरळे केस उभे राहिले. पुरोहितांनी सोनचाफा ठेविला, घोडा निघाला. पाचवे दरवाज्यास वारा ऐसा सुटला की दिवाणांचे पागोटे खंदकात गेले. सात दरवाजे जाहले, बाईसाहेब चौकात उतरल्या, आणि पाहतो तो डोईवर फूल नाही.

भुजंगराव पुढे होऊन म्हणाले, फूल पडले. लोकांनी रस्ता झाडोन पाहिला, कोठे पाकळी नाही. धुरपाबाई म्हणाली की फूल वळणांत आत शिरले आहे. भुजंगराव म्हणाले, मग फणीबरदार उभे आहेत, त्यांचे वतनच आहे, फणी घालोन काढा. धुरपाबाईचा चेहरा उतरला, कारण कोरड्या केसांत बारीक फणी गेली तर वळणे तर मोडतीलच, परंतु फुलाचा चुरा होईल, आणि चुऱ्यास कोणी फूल म्हणणार नाही. बारा गावांचे पाटील चौकात उभे होते, त्यांस हे कळले आणि ते निंबाजींकडे पाहू लागले. निंबाजी पुढे गेले. फणी उचलिली, केसांजवळ नेली, वीतभर दूर थांबले आणि वाकले. बराच वेळ वाकलेले होते.

मग म्हणाले, “सरकार, फूल आत आहे, वास येतो. ते मी मोडणार नाही. सोमवारी न्हाण आहे, ओल्या केसांतून काढीन.”

भुजंगरावही वास घ्यावयास आले आणि म्हणाले की आम्हास पडसे आहे. मग महाराजांनी निवाडा केला की सोमवारपर्यंत गादी मोकळी राहील. बाईसाहेब तीन दिवस गादीशेजारी जमिनीवर बसोन कालव्याचे अर्ज ऐकत राहिल्या, आणि कोणी चोरोन दुसरे फूल खोवू नये म्हणोन भुजंगरावांचे दोन इसम त्यांचे डोक्याकडे टक लावोन बसले. काशीचे गाठोडे बांधोन महाराजही तेथेच बसले.

सोमवारी भरसभेत न्हाण जाहले, जवसाचा रस लाविला, आणि धुरपाबाईने आपले दादल्याने कोरलेली रुंद दाताची शिसवी फणी निंबाजींचे हाती दिली. सदतीस दिवसांनी त्यांचे हातची फणी केसांस लागली. खालोन वर, बट बट करीत ते गेले, नगारची टिपरू उगारोन तैसाच राहिला, आणि सातवे हातास फणीबरोबर फूल आले. कडेस करपले होते, परंतु पाकळी एकही तुटली नव्हती. निंबाजींनी ते तळहातावर घेतले आणि सभेस न दाखविता आधी भुजंगरावांपुढे धरिले.

भुजंगराव फुलावर वाकले. मग म्हणाले, “वास येतो.” आणि पहिला मुजरा त्यांनीच केला.

एवंच: जळाले ते कापिले, जिवंत होते ते राखिले, आणि बाईसाहेब गादीवर बसल्या. ज्येष्ठाआधी कालव्याचे पाणी बाराही गावांस पोहोचले, आमराईसही थोडके दिले. निंबाजींचे वतन नवे करोन दिले, त्यात दर सोमवार, ओले केस, रुंद फणी आणि घाई नाही ऐसी चार कलमे घातली. लिहिणारानेही लाज सोडोन धुरपाबाईस आपले डोके दाखविले. तिने बारकाईने पाहिले आणि पागोटे झ्याक बसते म्हणाली. वर्तमान संपूर्ण जाहले.