तात्या कार्ड टेकवतात

आमच्या गल्लीतले कंडक्टर तात्या पक्के माळकरी. पुतण्याच्या लग्नात पंगतीला कांद्याची भजी आली म्हणून भरल्या ताटावरून उठलेला माणूस. अशा माणसाला मी लातूरच्या स्टँडमागच्या परमिट रूममध्ये भरदुपारी बसलेलं पाहिलंय. गळ्यात तुळशीची माळ, समोर सोड्याची बाटली आणि शेंगदाण्यांची प्लेट, हातात बँकेचं कार्ड. मालकानंच मला फोन केला होता. "दादा, तुमच्या गल्लीतले म्हातारबाबा येऊन बसलेत. त्यांच्याकडं बघून बाकीचे लोक ग्लास टेबलाखाली लपवायलेत. घेऊन जावा बरं त्यांना."

आता लगेच 'कलियुग आलं' म्हणून मोकळे होऊ नका. गल्लीनं तेच केलं होतं. मला खरं काय ते माहीत आहे, कारण ह्या भानगडीची सुरुवात माझ्याच दुकानात झाली.

माझं कोचिंग क्लासेसच्या रस्त्याला वह्या-पेनांचं दुकान आहे. तात्या आमचे शेजारी. सगळी नोकरी लातूर-नांदेड गाडीवर काढली, रिटायर होऊनही जमाना झाला, पण अजून गाडीतून उतरलेले नाहीत. दुकानात पोरांची गर्दी दिसली की दारातूनच ओरडतात, "पुढं सरका रे, मधी लई जागा हाय!" आणि पोरं खरंच सरकतात. सुट्ट्या पैशांवरून आयुष्यभर लोकांशी भांडल्यामुळं मोठी नोट घेऊन दुकानात जाणं त्यांना पाप वाटतं. एखाद्यानं माझ्यापुढं पाचशेची नोट धरली की मी काही बोलायच्या आत तात्याच त्याला झापतात, "घरून निघताना कळत न्हाई व्हय?" माझी किती गिऱ्हाइकं त्यांनी पळवली असतील देव जाणे.

तात्यांचा मुलगा महेश पुण्याला कंपनीत आहे. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगतो. तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्यावर दर रविवारी फोन करायचा. "बाबा, पैसे आहेत ना?" तात्या म्हणायचे, "हायत की." मग दोघंही गप्प. काकू होत्या तेव्हा बापलेकाचं सगळं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं, सरळ बोलायची दोघांनाही सवय नव्हती. तरी तो रविवारचा फोन आला की तात्या सोमवारी मला सांगायचे, "म्हेशचा फोन आल्ता. लई बोलला."

मग महेश येऊन कार्ड देऊन गेला. त्याच्याच खात्यावरचं. "बाबा, नुसतं मशीनला टेकवायचं. पिन नको, सही नको. आता पैशाची काळजीच नाही." काळजी खरंच मिटली. त्यामुळं विचारायचा जो एकच प्रश्न होता तोही मिटला, आणि रविवारचा फोन बंद पडला. तात्यांनी आपणहून लावला तर तो मीटिंगमध्ये असायचा. मला तर त्या कार्डाचा रागच आला होता.

तात्यांना राग नव्हता, भीती होती. "ना नोट, ना अंगठा. नुसतं टेकलं की गेले? गर्दीत कुणी मशीन घिऊन घासून गेलं म्हंजी?" म्हणून ते कार्ड फडक्यात गुंडाळून, ते फडकं स्टीलच्या डबीत घालून, ती डबी आपल्या जुन्या कंडक्टरच्या बॅगेत ठेवायचे. नुसतं दाखवायला काढलं तरी कार्ड बाहेर येईपर्यंत मागचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊन यायचं. शेवटी महेशनं 'कार्ड वापरा' म्हणून दोनतीनदा मेसेज धाडला तेव्हा त्यांनी माझ्याकडं एक बॉलपेन घेतलं आणि डोळे मिटून कार्ड टेकवलं. मशीन टिंग वाजलं.

तात्या हलेनात.

"झालं तात्या."

"आरं, एकच वाजली की."

"एकच वाजते."

"एक घंटी म्हंजी थांब. दोन घंट्या म्हंजी चला. डबल मार, त्याबिगर मी काय हलत न्हाई."

मागं क्लास सुटलेली पोरं खोळंबली होती. मी वैतागून पुन्हा रक्कम टाकली, तात्यांनी पुन्हा टेकवलं, पुन्हा टिंग. तात्या समाधानानं "चला!" म्हणाले आणि पायरी उतरणार एवढ्यात त्यांचा फोन वाजला. महेश! मीटिंगमधला महेश!

"बाबा, एकाच दुकानात दोनदा पैसे कापले. कोण फसवतंय तुम्हाला?"

फसवणारा मी. मी फोन घेऊन खुलासा केला, जादाचे पैसे तात्यांच्या हातावर ठेवले. पण तात्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. फोन ठेवता ठेवता महेशनं त्यांना "जेवलात का?" म्हणून विचारलं होतं, आणि ते भर रस्त्यात उभं राहून भाजी कुठली केली होती ते सांगत होते. आत आले तेव्हा चेहरा असा खुलला होता की मीही माझा अपमान विसरलो.

"मी हितं टेकिवलं ते त्याला तिकडं कसं कळलं रं?"

"कार्ड त्याच्या खात्याचं. तुम्ही टेकवलं की त्याला मेसेज जातो."

"दुकानाचं नाव बी?"

"नाव बी."

"आसं हाय व्हय," तात्या म्हणाले, आणि बॉलपेन तिथंच विसरून गेले.

तिथून पुढं तात्यांना कार्डाचं वेड लागलं. आसपासच्या दुकानांतून कडधान्यापासून केसांच्या पिनांपर्यंत सगळं घेऊ लागले. पण किराण्याचं दुकान म्हटलं तर महेश कशाला फोन करील? पोटाला लागतंच. मग तात्यांनी डोकं लावलं. बायकांच्या ब्यूटी पार्लरमध्ये गेले आणि तिथल्या ताईंकडून मेंदीचा कोन विकत घेतला. फोन आला. व्यायामशाळेत जाऊन प्रोटीनची पुडी घेतली. फोन आला. त्यानंतर ती परमिट रूम! महेश त्या दिवशी मीटिंग सोडून बाहेर आला होता म्हणे. "बाबा, तुम्ही? बारमध्ये?" आणि तात्या शेंगदाणे चावत म्हणत होते, "आरं शेंगदाणे बरे भाजत्यात हे लोक. तू कसा हायस ते सांग."

मी त्यांना बाहेर काढताना चांगलाच तडकलो होतो. "तात्या, माळेची तरी लाज धरा. लोक काय म्हणतील?"

"लोक काय फोन करायलेत का मला?" तात्या म्हणाले.

मी गाडीला किक मारली.

एकदा तर एसटीच्या पासवर बसून नांदेडला गेले, तिथं एक हातरुमाल घेतला आणि पुढच्या गाडीनं परत आले. "नांदेडला काय करताय म्हणून इचारत होता. जुन्या गाडीवरचा डायवर भेटला म्हणून सांगितलं. लई येळ बोलला." डायवर कुणी भेटलेला नव्हता. पण त्या थापेवर बापलेकाचं बोलणं काकूंच्या आठवणीपर्यंत गेलं होतं. गाडी लागते म्हणून नांदेडला माहेरी जाताना त्या पुढच्या सीटवर लिंबू हुंगत बसायच्या, हे महेशला ठाऊकच नव्हतं.

पण माणसाला कशाचीही सवय होते. महेशलाही झाली. बाबांना कार्डाची मौज वाटते, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं असावं. पार्लर झालं, बार झाला, पुन्हा नांदेड झालं, टॅटूच्या दुकानातून चावीचा गोफसुद्धा झाला. फोन येईना. तात्या कार्ड टेकवायचे आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर मोबाईल मांडीवर घेऊन बसायचे. गिऱ्हाईक आलं तरी "पुढं सरका" म्हणायचे नाहीत. पोरं वाट्टेल तशी उभी राहू लागली.

मागच्या आठवड्यात मी माझ्या आईची औषधं आणायला मोठ्या दवाखान्याच्या मेडिकलमध्ये गेलो, तर काउंटरपाशी तात्या. पुढ्यात खोकल्याची बाटली, हातात कार्ड. विकणाऱ्या बाईनं मशीन पुढं केलं. तात्यांनी कार्ड मशीनपर्यंत नेलं, मागं घेतलं. पुन्हा नेलं, पुन्हा मागं घेतलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि बाटली तिथंच ठेवून बाहेर पडले.

मी मागं धावलो. "तात्या, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? ठणठणीत हाय."

"मग इथं कशाला?"

तात्यांनी दवाखान्याच्या पाटीकडं बोट दाखवलं. "हे नाव गेलं की फोन येतोय. शंभर टक्के येतोय."

"मग टेकवलं का नाही?"

"आरं, फोन करून थांबंल का ते पोरगं? तसंच गाडी काढंल. रातीचं, एकटं, मनात नको ते आणत येईल. म्हातारी गेली तवा बी आसंच आलं होतं, वाटंत दोनदा ट्रकखाली येता येता वाचलं. न्हाई रं बाबा. एवढ्यासाठी न्हाई."

मी म्हटलं, "तात्या, मी बोलतो महेशशी. सांगतो त्याला, रविवारी फोन करत जा म्हणून."

"खबरदार!" तात्या कंडक्टरच्या आवाजात गरजले. मग हळू झाले. "तू सांगितल्यावर त्यो करंल. रोज करंल. पर त्यो तुझा फोन झाला."

मी त्यांना गाडीवर बसवून दुकानात आणलं, चहा मागवला. तात्यांनी कप बाजूला ठेवला आणि माझ्या सगळ्या फळ्या वरपासून खालपर्यंत न्याहाळल्या. रजिस्टरं, कंपास, स्टेपलर, गोंदाच्या बाटल्या.

"तू एवढा दुकानदार हायस," ते म्हणाले, "खरं सांग. घेतलं तर पोरगं भ्यालं न्हाई पायजे, पर बापाला इचारावं तर वाटलं पायजे. आसं काय इकत मिळतंय का रं?"