झाडं मारणारा सभासद

सगळ्याला सुरुवात झाली ती स्वयंपाकघरातल्या डब्यांपासून. नगरपालिकेच्या गटार विभागातून मी निवृत्त झालो, केक कापला, सहकाऱ्यांनी घड्याळ दिलं (आता वेळ कशासाठी बघायची ते कुणी सांगितलं नाही), आणि पुढच्या सोमवारी बसल्या बसल्या मला वाटलं, बायकोच्या, म्हणजे ग्वेंडाच्या, कपाटातले डबे जरा अक्षरानुक्रमे लावावेत. लावले. ती बाजारातून आली तेव्हा चहापत्तीचा डबा स्टुलावर चढल्याशिवाय हाती लागणार नाही अशा फळीवर गेला होता. ती काही बोलली नाही. ग्वेंडा गप्प बसली की तिला पटलं, असं मी लग्नापासून धरून चालत आलोय. म्हणून मंगळवारी बशा धुण्याच्या यंत्रात बशा कशा लावाव्यात ते मी तिला समजावून दिलं, आणि बुधवारी ती बहिणीशी फोनवर बोलत असताना शेजारी उभं राहून तिच्या दोन चुका दुरुस्त केल्या.

गुरुवारी तिने मला वाढदिवसाची भेट दिली. माझा वाढदिवस अजून चार महिने लांब होता.

भेट म्हणजे विलोबँक नर्सरीचं वर्षाचं सभासदत्व. सभासदाला तिथल्या चहाघरात रोज दहा ते बारा किटलीभर चहा आणि एक स्कोन, म्हणजे भाजलेला छोटा गोल पाव, फुकट. शिवाय तिथून नेलेलं झाड वर्षाच्या आत मेलं, तर मेलेलं दाखवायचं आणि नवं घेऊन जायचं. फुकट म्हटलं की आम्हा यॉर्कशरच्या माणसांचे कान टवकारतात. मी त्याच दिवशी एक लव्हेंडर आणून दाराशी लावलं. "पाण्याचं मी बघते," ग्वेंडा म्हणाली. "तू वाकू नकोस, तुझी कंबर दुखते." बायको असावी तर अशी, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

लव्हेंडर आठवड्यात मेलं. त्याच्या जागी हायड्रेंजा आणलं, तेही मेलं. रोझमेरी मेली, फ्यूशिया मेलं, आणि पुढचे काही महिने असंच चाललं. शेवटी मी हेदर आणलं. आमच्या माळरानावर हेदर बर्फाखाली राहतं, मेंढ्यांच्या पायाखाली राहतं, देवालासुद्धा ते मारता आलेलं नाही. माझ्या दारात ते पंधरवड्यात काळं पडलं. दर वेळी ग्वेंडा हळहळायची, मेलेलं झाड स्वतः पिशवीत घालून द्यायची आणि माझा कोट आणून द्यायची. "जा, बदलून आण. आणि घाई करू नकोस. चहा पिऊनच ये."

खरं सांगतो, मला तिथे इतकं आवडायला लागलं होतं की झाड मेलेलं नसलं तरी मी रोज जायचो. खिडकीजवळचं टेबल माझं झालं होतं. चहाच्या काउंटरवरची मॅव्हिस मला बघताच किटली भरायला घ्यायची. (ती सगळ्यांनाच 'राजा' म्हणते, पण मला म्हणताना ती जरा जास्त मनापासून म्हणते, असं माझं मत आहे.) इतकी वर्षं नोकरी केली, पण मी आत शिरलो म्हणून कुणाला बरं वाटलंय असं कधी झालं नव्हतं. गटार विभागात तसं होत नाही.

आणि एका मंगळवारी काउंटरवरच्या यंत्रात सभासदाचं कार्ड घातलं तर लाल दिवा लागला. मी यंत्राला 'माफ करा' म्हटलं आणि पुन्हा घातलं. पुन्हा लाल. मागे रांग लागलेली.

"राजा, तुझं कार्ड मेलंय," मॅव्हिस सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तूसुद्धा काय रे, कार्डही जगू देत नाहीस?"

तिने मला व्यवस्थापक बाईंकडे पाठवलं. मिसेस हेप्वर्थ म्हणजे उंच, करड्या केसांची बाई. चेहरा असा की शाळेत राहिलेला गृहपाठ आठवावा. त्यांच्या खोलीत भिंतीशी एका ओळीत मी परत केलेली सगळी झाडं कुंड्यांसकट मांडून ठेवलेली होती. एवढ्या मढ्यांसमोर बसून निर्दोष दिसणं कुणालाच जमलं नसतं. सभासदत्वाचा गैरवापर झाल्यामुळे ते मुदतीआधीच बंद केलंय, असं त्यांनी सांगितलं. एवढी झाडं चुकून मरत नाहीत, म्हणाल्या. माझ्या मनात होतं की ठणकावून सांगावं: बाई, पैसे वर्षाचे घेतलेत आणि निम्मं वर्ष बाकी आहे. तोंडातून निघालं ते "माफ करा, तुम्हाला उगाच त्रास झाला." मग त्यांचे आभार मानले, आणि वेळ दिल्याबद्दल दारातून पुन्हा एकदा आभार मानले. बाहेर आल्यावर लक्षात आलं की मी भांडायला आत गेलो होतो.

आता ग्वेंडाला काय सांगायचं? तिने एवढ्या प्रेमाने दिलेली भेट मी घालवली. आणि कसली बदनामी, तर झाडं मारतो म्हणून. माझी सांगायची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी तिने कोट पुढे केला, मी घातला, आणि गाडी दफनभूमीच्या भिंतीशी लावून बारा वाजेपर्यंत गाडीतच बसून राहिलो. तिसऱ्या दिवशीही तेच. थर्मास न्यायची सोय नव्हती, कारण फुकट चहा मिळणारा माणूस थर्मास कशाला नेईल? थंडीने बोटं आखडायची. मी स्टिअरिंगलाच मिसेस हेप्वर्थ समजून भाषणाची तालीम करायचो. तालमीत मी त्यांना तीनदा रडवलं.

माझ्याच हातांची मला भीती वाटायला लागली. खरंच माझ्या हातात काही विष असेल का? शेजाऱ्यांचं कुत्रं शेपूट हलवत आलं, तर मी हात खिशात घातले. जुना गटारवाला आहे, अंगात काय मुरलं असेल सांगता येत नाही. रात्री झोप लागेना, आणि सकाळ झाली की कोट असायचाच.

पुढच्या बुधवारी घरी आलो तर ग्वेंडाने सहज विचारलं, आज स्कोन कसला होता?

"मनुक्यांचा," मी म्हटलं.

"बुधवारी चीजचा असतो, सिरिल."

झालं. मी कोटासकट जिन्याच्या पायरीवर बसलो आणि सगळं ओकून टाकलं. लाल दिवा, मढ्यांची रांग, दफनभूमी. वाटलं, ती चिडेल किंवा हसेल. पण तिचा चेहराच उतरला. "बंद?" ती म्हणाली. "म्हणजे तू सकाळी घरी असणार? रोज?" आणि हातमोजे चढवून ती गाडीत जाऊन बसली. प्लंबरने नळ उलटे बसवले होते तेव्हाही जिने हूं की चूं केलं नव्हतं, आणि वर्षभर थंडच्या नळाने गरम पाणी घेतलं होतं, ती माझी बायको आज माझ्यासाठी भांडायला निघाली होती. वाटेत माझे डोळे भरून आले. ही माझ्यावर इतका जीव टाकते हे मला आजवर कळलंच नव्हतं.

मिसेस हेप्वर्थना तिने बोलायलाच दिलं नाही. पैसे वर्षाचे घेतलेत ना? मग मधेच तोडायचं तर आधी एका ओळीने तरी कळवायचं असतं. आणि तुमच्या नियमात 'झाड मेलं तर' असं लिहिलंय. 'का मेलं' ते विचारू, असं कुठे लिहिलंय ते दाखवा. मिसेस हेप्वर्थनी चष्मा लावून नियम वाचले, उलटून पुन्हा वाचले, आणि त्यांचा सूर खाली आला. मी मात्र खुर्चीच्या टोकावर अंग चोरून बसलो होतो, आणि माफ करा म्हणायचं नाही एवढंच सांभाळत होतो.

"ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "चहा, स्कोन, टेबल, सगळं परत देते. पण झाडं बदलून मिळणार नाहीत. मेलं तर मेलं."

"मग आमचं दार उजाडच राहणार," मी म्हटलं. "बाई, माझ्या हाताला यशच नाही. मी लावलेलं जगतच नाही."

"चालेल आम्हाला," ग्वेंडा घाईने म्हणाली. "आता नाही मरायची."

"कशावरून?" मिसेस हेप्वर्थनी विचारलं.

"नाही मरायची म्हणजे नाही मरायची."

"पण तुम्हाला कसं ठाऊक?"

ग्वेंडाने एक हातमोजा काढला आणि पुन्हा घातला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उकळतं पाणी. न्याहारी झाली की एक किटली. मुळाशी."

न्याहारीनंतर ती रोज दुसऱ्यांदा किटली ठेवते, हे मला माहीत होतं. तिला पुन्हा चहा लागतो, असं मी समजत होतो. (तो मला कधी मिळाला नाही, यावर मी विचारच केला नव्हता.)

"सुरुवातीला झाड मेलं की हा जायचा," ग्वेंडा म्हणाली. "मेलं नाही की घरात बसायचा आणि मला बटाटे सोलायला शिकवायचा. बाई, मी चाळीस वर्षं बटाटे सोलतेय."

आता मिसेस हेप्वर्थ आम्हा दोघांनाही हाकलणार, याची मला खात्री होती. त्या उठल्या, दार लावून घेतलं आणि खुर्ची ग्वेंडाजवळ ओढून बसल्या.

"आमचे हे मार्चमध्ये निवृत्त होतायत," त्या हळूच म्हणाल्या. "एक किटली पुरते?"

"हेदरला दोन लागल्या."

परत येताना गाडीत मी नुसता रस्त्याकडे बघत होतो. मला फार लागलं होतं. घराशी आल्यावर ग्वेंडाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सिरिल, तू मला आवडतोस," ती म्हणाली. "दुपारी जास्त आवडतोस."

तेव्हापासून दारातलं नवं, पैसे देऊन आणलेलं लव्हेंडर मस्त फोफावलंय. मी रोज दहाला जातो, खिडकीजवळ बसतो, आणि डब्यांना हात लावत नाही. मार्च संपता संपता एके सकाळी माझ्या टेबलापाशी एक गृहस्थ येऊन उभा राहिला. नवा कोट, काखेत पिशवी, पिशवीत काळी पडलेली रोझमेरी. नाव हेप्वर्थ. हाताला यशच नाही हो, असं म्हणाला. खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं, पण काचेपलीकडून मिसेस हेप्वर्थ माझ्याकडे बघत होत्या. मी मुकाट्याने खुर्ची पुढे केली.

चहा ओतून घेतल्यावर त्याला हसू फुटलं. "आमची ही सांगत होती, इथे एक गृहस्थ मेलेली झाडं घेऊन यायचा म्हणे. महिनोन् महिने. आणि त्या बावळटाला शेवटपर्यंत काही कळलं नाही. काय कळलं नाही ते ती सांगत नाही, नुसती हसत सुटते." त्याने मांडीवरची रोझमेरी सावरली. "इतकी भोळी माणसं असतात का हो?"

"असतात," मी म्हटलं, आणि माझ्या स्कोनचा मोठा अर्धा भाग त्याच्याकडे सरकवला.