चौकशीला कोणी आलं तर

आमच्या भडगावच्या गल्लीतल्या नानांनी आजवर शे-दीडशे पोरांचे बायोडेटा लिहिले असतील, आणि त्या प्रत्येकात शेवटी 'अर्जदारास ओळखणारी जबाबदार व्यक्ती' म्हणून स्वतःचंच नाव ठोकून दिलं. जबाबदार! ज्या माणसाला उभ्या जन्मात सरकारी नोकरी लागली नाही, जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्यांच्या पावत्या फाडण्यात ज्याची हयात गेली, तो आम्हाला सरकारला काय आवडतं ते शिकवणार.

"सरकार वाचत नही रे भाऊ, सरकार चाचपस," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. म्हणून कागद जाड हवा. डावीकडे चार बोटं समास हवा, आणि ती बोटं नानांची. छंदात मी 'क्रिकेट' लिहिलं तर त्यांनी खोडलं. "सरकार काय तुले फिल्डिंगले ठेवी राहिनं का?" आणि तिथे लिहिलं, 'छंद : वक्तशीरपणा'. फोटोत मी जरासा हसलो होतो. नानांनी तो नखाने उचकटून काढला. "हासाना फोटो लगीनले चालस, नोकरीले नही."

अहो, अर्ज ऑनलाइन भरतात आता, असं सांगितलं की म्हणायचे, "मशीनमा काय टाकनं ते टाक. निवड व्हयनी का कागद मांगतीनच." दुर्दैवाने हे खरं निघायचं, त्यामुळे म्हातारा आणखी चढून बसला होता.

रोज सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, अशा थाटात ते ओट्यावर बसत. ऑफिस नाही ते नाही, पण ऑफिसची वेळ सोडायची नाही. जागचे म्हणून हलायचे नाहीत. मुलगी सुरतेला दिलेली. नातीच्या बारशाला गेले नाहीत, जावळाला गेले नाहीत. लेक फोनवर रडायची आणि हे आपले एकच, "चौकशीले कोनी उनं तं?"

"कोण येणार आहे तुमच्या चौकशीला, नाना?"

"मनी नही रे. तुमनी. उनं तं?"

गल्ली म्हणायची, म्हातारा कवडीचुंबक आहे, तिकिटाचा खर्च वाचवतो. मीही म्हणायचो. खोटं कशाला बोलू?

मग माझी वेळ आली. धुळ्याच्या एका कार्यालयात लिपिकाची जागा निघाली. वयात बसणारी माझी ही शेवटची जाहिरात. ही गेली की जन्मभर मोबाइलच्या दुकानात काचा चिकटवत बसायचं. यादीत नाव लागलं, कागद मागवले. बायोडेटा अर्थातच नानांनी लिहून दिला. मी तो टाइप करायला घरी नेला, 'वक्तशीरपणा' तसाच ठेवला आणि नानांचं नाव काढून टाकलं. त्या जागी धुळ्याच्या एका पुढाऱ्याचं टाइप केलं. एका लग्नात त्याच्याशी माझा सेल्फी झाला होता. म्हटलं, जिनिंगच्या फाटकवाल्यापेक्षा हे वजनदार दिसेल.

"मनं नाव शे ना रे, पंक्या?" नानांनी विचारलं.

"आहे ना, नाना," मी म्हणालो. चेहऱ्यावरची माशीही हलू दिली नाही.

चारित्र्य पडताळणीला हवालदार आला त्या दिवशी मी मेडिकलसाठी जळगावला होतो, बायको माहेरी सोनगीरला. घराला कुलूप. दुसऱ्या दिवशी ते कळताच पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार माझ्याकडे बघून हसायलाच लागला.

"तुमच्या त्या पुढाऱ्याला फोन लावला. म्हणे, असले पंकज रोज पन्नास भेटतात, मी ओळखत नाही. मी तसंच लिहून पाठवणार होतो. म्हटलं, जाता जाता गल्लीत विचारावं. तर समोरच्या ओट्यावरून इस्त्रीतला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, या साहेब, तुमचीच वाट पाहत होतो."

नानांनी वही काढली होती. वहीत प्रत्येक पोराचं एक पान. माझ्या पानावर लिहिलं होतं की वडील अंथरुणाला होते ती दोन वर्षं मी काम सोडून घरी राहिलो, त्यांचं सगळं हाताने केलं. बायोडेट्यात ती दोन वर्षं मीच लाजून कोरी सोडायला लावली होती.

"दोनदा चहा पाजला, तुमच्यावर तासभर बोलला," हवालदार म्हणाला. "मी सांगितलं, बाबा, यात तुमचं नाव नाही. तर म्हणतो कसा, टायपिंगमध्ये राहून गेलं असेल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. नानांपुढे जाऊन उभा राहिलो तर त्यांनी विषयच काढला नाही. पेन पुसत बसले. शेवटी मीच विचारलं, का बसता असे?

"मनी बी निवड व्हयेल व्हती," ते म्हणाले. "वळखनारा म्हनीसन मी एक मास्तरनं नाव दिधं व्हतं. मास्तर लगीनले गयथा. चौकशीवाला उना, कुलूप देखं, निंघी गया." एवढंच. मग पेनाचं टोपण लावलं.

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो आणि म्हणालो, "नाना, नेमणुकीचं पत्र आलंय, हजर व्हायला आठ दिवस आहेत. तुम्ही सुरतेला जा. इथे मी बसतो."

त्यांनी माझ्या टी-शर्टकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असा बसशी? इस्त्री करी ले." मग वही माझ्या हातात ठेवली. "बठ्ठास्नं, सगळास्नं चांगलंच सांगजो."

"आणि वाईट काही असलं तर?"

"ते चौकशीवालास्ले आपोआप सापडस."

आठ दिवस मी इस्त्रीच्या शर्टात ओट्यावर बसलो. गल्ली मला हसली, ते बरोबरच होतं. रोज अकराला सुरतेहून फोन यायचा. मागे नातीचा धिंगाणा ऐकू यायचा आणि त्यावरून ओरडत नाना विचारायचे, "कोनी उनं व्हतं का रे?"

"नाही, नाना. पण मी आहे."